होआच्या देव्हाऱ्यात कुंदा

मंडळी, बसून घ्या. मागे अजून खुर्च्या आहेत. मेश्राम, तो फॅन जरा बंद कर रे, माझा कागद उडतोय. कागदावर तसं फार काही नाही. चार ओळी लिहिल्या होत्या, त्यातल्या तीन गाडीत बसल्या बसल्या खोडल्या.

मी विनायक. तुमच्यातले बरेच जण मला विनूकाका म्हणतात. मला बोलता येतं, हे वेगळं सांगायला नको. मंडळाच्या दर मीटिंगमध्ये माझ्या हातातून माइक काढून घ्यावा लागतो. आज मात्र मेश्रामने माइक दिला आणि मला वाटलं, परत द्यावा. काय बोलायचं, ते ठाऊक आहे. तोंडातून निघेल की नाही, याची खात्री नाही. मध्येच थांबलो तर थांबू द्या. पाणी आणून देऊ नका.

आज आपण या शुगर लँड गावातली चाळीस-पन्नास मराठी माणसं एका व्हिएतनामी बाईसाठी जमलोय. आपल्या होआसाठी. तरुण मंडळींच्या होआमावशीसाठी. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी ती आपलं रेस्टॉरंट उघडायला निघाली. हातात गाडीची किल्ली होती. दारातच कोसळली. स्ट्रोक. दुपारपर्यंत संपलं सगळं.

तिची मुलगी लिन पुढे बसलीय. लिन डॅलसला फार्मसिस्ट आहे. तिला मराठी येत नाही, म्हणून मेश्रामची मुलगी तिच्या कानात इंग्रजी करून सांगतेय. सानिका, सगळं सांग हं. माझी फजिती झाली तिथे तर अजिबात गाळू नकोस.

लिनने मागच्या रविवारी आईच्या रेस्टॉरंटमध्ये मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं नाही. घड्याळ बघितल्यासारखं केलं आणि निघून आलो. हे बरं केलं नाही मी. ते उत्तर आज द्यायचंय, तुम्हा सगळ्यांच्या समोर, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

प्रश्न असा. होआचं रेस्टॉरंट या महिन्याअखेर बंद होणार. तिथे एक देव्हारा आहे. त्या देव्हाऱ्यात माझ्या बायकोचा, कुंदाचा फोटो आहे. लिन म्हणाली, अंकल, देव्हारा मी डॅलसला नेणार आहे. आंटींचा फोटो तुम्ही घरी नेता, की मी माझ्याबरोबर घेऊन जाऊ?

आता, कुंदाचा फोटो तिथे आहे हे तुमच्यातल्या अनेकांना माहीत आहे. त्यावर माझ्या पाठीमागे चर्चाही झालीय. जिथे हाडं उकळतात त्या हॉटेलात बायकोचा फोटो! झालीय ना चर्चा? बघा, माना खाली गेल्या. मला तेव्हा राग आला होता. आता नाही. पण तो फोटो तिथे कसा गेला, हे मी कुणालाच कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

आम्हाला तिथे पहिल्यांदा नेलं ते या मेश्रामने. बुद्ध पौर्णिमेला. मी आणि कुंदा, दोघंही शाकाहारी. मी म्हटलं, अरे, व्हिएतनामी हॉटेलात आम्ही काय पाणी पिऊन येऊ? हा म्हणाला, काका, गपचूप गाडीत बसा. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला नखं रंगवायचं दुकान आणि मध्ये आठ टेबलांचं ते रेस्टॉरंट. बाहेर पार्किंग लॉटमध्ये डांबर वितळेल असं ऊन. आत गेलो, तर होआ म्हणाली, आज मांस नाही. आज पौर्णिमा.

मंडळी, अमेरिकेत इतकी वर्षं राहून, 'आज पौर्णिमा आहे' हे वाक्य मला एका रेस्टॉरंटवालीने ऐकवलं!

त्यांच्यात चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक मांस खात नाहीत. होआ त्या दिवशी मांसाचं भांडं चुलीवर चढवायचीच नाही. मुळा, गाजर, मशरूम, भाजलेलं आलं, भाजलेला कांदा, असं सगळं तासन्‌तास उकळून त्याचं सूप. वर तांदळाच्या शेवया आणि टोफू. कुंदाने पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळे मोठे केले. म्हणाली, अहो, यात दालचिनी आहे, बाद्यान आहे, हिने माझा गोडा मसाला चोरलाय! बरोबर हिरव्या पानांची ही एवढी थाळी आली. त्यात तुळस. आपली नव्हे, पण तुळसच. कुंदाने एक पान उचललं, सवयीने डोळ्यांना लावलं आणि मग सूपमध्ये टाकलं. काउंटरमागून होआ बघत होती. तिनेही एक पान उचललं आणि डोळ्यांना लावून बघितलं. तिथून त्यांची मैत्री सुरू झाली.

मैत्री कसली, भांडणं. होआकडे रोज एक पान फाडायचं ते जाडजूड कॅलेंडर, आणि कुंदाच्या फोनमध्ये पंचांग. कुंदा म्हणायची, पौर्णिमा सोमवारी. होआ म्हणायची, मंगळवारी. दोघी काउंटरवर कॅलेंडरं मांडून बसायच्या. मागे गिऱ्हाईक उभं, आतून घंटी वाजतेय, आणि यांचा चंद्र काही ठरत नाही. शेवटी होआने तोडगा काढला. ठीक आहे, म्हणाली, दोन्ही दिवस मांस बंद. बाकीची गिऱ्हाइकं बिचारी विचारायची, आज पुन्हा टोफू?

होआ कुंदाला 'ची' म्हणायची. म्हणजे ताई. मला काहीच म्हणायची नाही. हनुवटी वर करायची आणि विचारायची, जेवला?

आता फजितीचं सांगतो. लिन, ऐक.

दारातून आत गेलं की डाव्या हाताला, काउंटरच्या वर एक फळी आहे. तिच्यावर बुद्धाची लहान मूर्ती आहे, शेजारी एका माणसाचा फोटो, फुलं, संत्री, उदबत्ती. कुंदा त्याला देव्हारा म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. एका शनिवारी आम्ही गेलो, तर फळीखाली टेबल मांडलेलं. त्यावर भात, भाजी, तळलेली केळी, चहाचा कप. उदबत्ती लावलेली. तुम्हीच सांगा, मराठी माणसाला काय वाटणार? प्रसाद! मी नमस्कार केला, एक तळलेलं केळं उचललं, अर्धं कुंदाच्या हातावर ठेवलं. तिने उजव्या हातावर घेतलं, खाल्लं, हात डोक्यावरून फिरवला. मी तर दुसरं उचललं.

होआ आतून ट्रे घेऊन आली आणि जागच्या जागी थांबली. म्हणाली, त्याचं अजून जेवण व्हायचंय.

मी म्हटलं, कुणाचं?

माझ्या नवऱ्याचं, ती म्हणाली.

मंडळी, एका गेलेल्या माणसाच्या ताटातून दोन केळी पळवणारा इसम तुमच्यासमोर उभा आहे. त्या दिवशी होआच्या नवऱ्याचं, तोआनचं वर्षश्राद्ध होतं. त्यांच्या घरची रीत अशी, की उदबत्ती पेटलेली आहे तोवर गेलेला माणूस जेवतोय. ती विझली की त्याचं झालं. मग जिवंत माणसांनी त्याच ताटातलं खायचं. आणि आम्ही उदबत्तीला पाव इंचही जळू दिलं नव्हतं.

कुंदा लाजेने लाल झाली. म्हणाली, अहो, आपण कावळ्याच्या आधी जेवलो हो! मग तिला होआला कावळा समजावून सांगावा लागला. दहाव्या दिवशी पिंड ठेवतात, कावळा शिवेपर्यंत सगळे ताटकळत उभे राहतात, वगैरे. होआने ट्रे खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि नीट ऐकलं. मग विचारलं, कावळा आलाच नाही तर? कुंदा म्हणाली, तर समजायचं, गेलेल्याचा जीव कशाततरी अडकलाय. मग घरचं कुणीतरी शब्द देतं, की मी बघीन. मग येतो कावळा.

होआने उदबत्तीकडे बघितलं. मग हसायला लागली. म्हणाली, तोआन जिवंत होता तेव्हाही तेच. तो गप्पा मारत बसायचा आणि त्याच्या ताटातलं लोक खाऊन जायचे. तिने ताटात दोन नवी केळी ठेवली. मला म्हणाली, आता तू हात मागे बांधून बस. उदबत्ती विझेपर्यंत मी खरंच हात मागे बांधून बसलो. त्यानंतर दर वर्षी तोआनच्या जेवणाला आम्हाला बोलावणं असायचं.

मग कुंदाला कॅन्सर झाला. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. तुम्ही सगळ्यांनी डबे आणलेत, माझ्या लक्षात आहे. पण तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. शेवटी शेवटी फक्त ते पातळ सूप ठरायचं. पौर्णिमा-अमावास्येची वाट कोण बघणार? होआने एक नवं कोरं पातेलं आणलं. त्याला कधीच मांस लागलं नाही. झाकणावर टेप चिकटवून त्यावर लिहिलं, ची कुंदा. रोज सकाळी अकराला मी जायचो आणि ती थर्मास भरून द्यायची. एकदा मी थँक यू म्हणालो, तर माझ्यावर खेकसली. म्हणाली, सूप गार होतंय, ड्राइव्ह कर.

कुंदा गेली.

दहावा दिवस. तळ्याकाठच्या पार्कात, त्या शेडखाली. तुमच्यातले बरेच जण होतात. मुलगा सिॲटलहून आला होता. गुरुजींनी पिंड ठेवला. ते इथले लांब शेपटीचे काळे पक्षी दहा-पंधरा आले, कचऱ्याच्या डब्यातल्या चिप्स खाल्ल्या आणि पिंडाकडे ढुंकूनही न बघता उडून गेले. अर्धा तास गेला. तास गेला. तो दमट उकाडा, सगळे घामाने भिजलेले. मुलगा माझ्या कानात म्हणाला, बाबा, प्रॉमिस हर समथिंग.

मी काय प्रॉमिस देणार होतो? तिचा जीव कशात अडकलाय, मला पक्कं ठाऊक होतं. 'तुम्ही नीट जेवाल ना,' हे ती मला हॉस्पिटलमध्ये रोज विचारायची. आणि दहा दिवसांत चहा-बिस्किटांपलीकडे माझ्या घशाखाली काही उतरलं नव्हतं. खोटं बोलायचं कसं? तिच्याशी कधी खोटं बोललो नाही. म्हणजे बोललो, पण तिने दर वेळी पकडलं.

गुरुजी म्हणाले, काका, दर्भाचा कावळा करू, शास्त्रात सोय आहे. त्यांचं काहीच चुकलं नाही. पण माझं डोकं फिरलं. बायको माझी, आणि कावळा गवताचा? मी नैवेद्याचं पान उचललं, गाडीत ठेवलं आणि निघालो. तुम्हाला वाटलं, मी घरी गेलो. मी होआकडे गेलो.

दुपारचे दोन वाजले होते. गिऱ्हाईक नव्हतं. होआ आणि सुट्टीवर आलेली लिन मागच्या टेबलावर पालेभाजी निवडत बसल्या होत्या. मी पान समोर ठेवलं आणि म्हटलं, कावळा आला नाही.

होआने भाजी बाजूला सारली. हात धुतले. टेबल पुसलं. फोटो मागितला. माझ्या फोनमध्ये एक होता, तिच्याच रेस्टॉरंटमध्ये काढलेला. कुंदा हसतेय आणि चॉपस्टिक्स पेन्सिलीसारख्या धरल्यात. लिन पळत जाऊन समोरच्या दुकानातून प्रिंट काढून घेऊन आली. होआने तो तोआनच्या शेजारी ठेवला. पुढे आपलं पान ठेवलं. वरण, भात, भाजी, खीर. चहा ओतला. मला विचारलं, चमचा की हात? मी म्हटलं, हात. तिने चमचा उचलून घेतला. उदबत्ती लावली.

आम्ही तिघं बसलो. उदबत्ती विझली. मी उठायला लागलो, तर होआने मला खाली बसवलं आणि दुसरी उदबत्ती लावली. मी म्हटलं, ही कशाला? ती म्हणाली, कुंदा हळू जेवते.

हो. हळू जेवायची ती. सगळ्यांची ताटं उचलली तरी हिचा ताकभात चाललेला असायचा. चाळीस वर्षं मी त्यावरून कुरकुर केली.

दुसरी विझली. मग होआने ते पान माझ्यासमोर सरकवलं. म्हणाली, तिचं झालं. आता तू. आणि मी जेवलो, मंडळी. सगळं पान संपवलं. रडत होतो आणि जेवत होतो. होआ समोर बसून भाजी निवडत होती.

आता एक गोष्ट, जी मी आजवर कुणालाच सांगितली नाही. माझ्या मुलालाही नाही. तुम्हाला वाटत असेल, मी फोटो तिथे ठेवला तो काहीतरी रीत म्हणून. रीत-बीत काही नाही. माझ्या घरात कुंदाचा एकही फोटो नाही. लग्नाचा कपाटात आहे, वूलनच्या कपड्यांच्या खाली. मला घरात तिच्याकडे बघवत नाही. ते मोठं घर, त्यात ती आणि मी, आणि ती बोलत नाही. होआकडे बघवायचं. तिथे ती चार लोकांत होती. तोआन शेजारी, पुढे गरम सूप, खाली गिऱ्हाइकांचा गोंधळ. चार वर्षं मी दर शनिवारी तिथे जेवलो ते बायकोला बघायला. हे होआला माहीत होतं. एकदा मी म्हटलं, तुला अडचण होत असेल, तर फोटो नेतो. ती म्हणाली, बघवेल तेव्हा ने. घाई काय आहे?

चार वर्षांत तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

मग हा मागचा रविवार. लिनने प्रश्न विचारला आणि मी घाबरलो. सत्तरी ओलांडलेला माणूस एका फोटोला घाबरला. फोटो घरी नेला, तर मला बघावं लागणार. डॅलसला गेला, तर कुंदा मला दिसणार नाही. म्हणून पळालो. पण पळता पळता दोन गोष्टी बघितल्या. लिन, तुला हे सगळ्यांदेखत सांगतोय, मला माफ कर.

एक, तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात सगळ्या चुली कोरड्या होत्या, आणि तू उभ्या उभ्या पाकिटातली बिस्किटं खात होतीस.

दुसरी. तुझ्या आईचा फोटो फ्रेम करून आणलेला होता, पण फळीवर नव्हता. काउंटरवर पालथा होता. मंडळी, इथे टेबलावर फुलं आहेत, समई आहे, आणि फोटो नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मेश्रामने मागितला होता. लिन म्हणाली, सापडत नाही. मेश्रामला ते पटलं. मला नाही पटलं. वूलनच्या खाली काय काय सापडत नाही, ते मला विचारा.

तर लिन, हे माझं उत्तर.

कुंदाचा फोटो मी घरी नेतो. आज, इथून रेस्टॉरंटवरून जातानाच. डायनिंग टेबलाच्या समोर लावीन. होईल सवय. नाही झाली, तर बघत बसीन.

आणि तुझ्या आईचा फोटोही मला दे. तुझ्याकडून काढून घेत नाही मी. तिसऱ्या मजल्यावरचं तुझं अपार्टमेंट, बारा तासांची तुझी ड्यूटी, आणि तिथे ती तुझ्यासमोर गप्प बसलेली. मला माहीत आहे ते कसं असतं. तुला बघवेपर्यंत ती माझ्याकडे राहील. कुंदाच्या शेजारी. तुला वाटेल तेव्हा ये, बघ, जेव आणि परत जा. मला वरण-भात येतो. सूप शिकीन. ज्या दिवशी तुला वाटेल की आता घरी न्यावी, त्या दिवशी ने. वर्षाने ने, पाच वर्षांनी ने. मी विचारणार नाही.

सानिका, सांगितलंस? नीट सांगितलंस?

हो म्हणतेय. मंडळी, लिन हो म्हणतेय.

आणि हे काय? फोटो बॅगेतच होता होय? दे. नाही, नाही, सरळ करू नकोस. तसाच पालथा दे माझ्या हातात. मी घरी गेल्यावर सरळ करतो.

होआ, तुला आमच्या सगळ्यांचा नमस्कार. थँक यू म्हणत नाही. तू खेकसशील.

चला, सगळे उभे राहू या. बोलू नका. घड्याळाकडे बघू नका. आज दोन मिनिटं नाहीत की पाच मिनिटं नाहीत. लिन बसेल, तेव्हा आपण बसू.